न फवारायचा पट्टा

सौसरकडचे एक संत्रा बागायतदार एकदा आमच्या प्रयोगशाळेत माती घेऊन आले. दुसऱ्या दिवशी अहवाल पाहिल्यावर ते खुर्चीवर बसले ते उठेनातच. त्यांच्या मातीची परीक्षानळी पांढरीफटक निघाली होती. आमच्या भाषेत याचा अर्थ, मातीत जीव नाही. "मॅडम, माहा बाप त्याच जमिनीवर मोठा झाला," असं म्हणून त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. मलाही भरून आलं. मग सहज म्हणून मी विचारलं, "काकाजी, माती कशात भरून आणली होती?" ते म्हणाले, "औषधाची रिकामी थैली होती न घरी. चांगली जाड असते."

कीटकनाशकाच्या थैलीत एक रात्र मुक्काम करून आलेली माती मेली नसती तरच नवल. काकाजींना मी कापडी पिशवी देऊन परत पाठवलं. पुढच्या वेळी नळी छान लाल झाली आणि त्यांनी सगळ्या स्टाफला चहा पाजला.

पांढुर्ण्याच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली. लोक विचारतात, काय काम करत होता? मी म्हणते, माती तपासत होते. मग ते म्हणतात, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश. ते तर होतंच. पण माझं टेबल वेगळं होतं, कोपऱ्यातलं. मी मातीतली विकरं मोजत असे. विकर म्हणजे एन्झाइम. आपण भाकर खातो, ती पोटात पचते ती विकरांमुळे. तसंच शेणखत, पालापाचोळा, मेलेली मुळं हे सगळं जमिनीत पचवणारी विकरं असतात. ती तयार करतात मातीतले जिवाणू, बुरशी आणि झाडांची मुळं. खत कितीही टाका, ते पचवणारंच कोणी नसेल तर झाडाच्या तोंडी काय लागणार?

विकर डोळ्यांना दिसत नाही, त्याचं काम दिसतं. चिमूटभर ओली माती नळीत घ्यायची, तिच्यात एका क्षाराचं बिनरंगी पाणी घालायचं, बूच लावून उबेच्या पेटीत ठेवायचं. माती जिवंत असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत त्या क्षाराचा लाल रंग होतो. जितका जीव जास्त, तितका रंग गडद. मग यंत्रावर तो रंग मोजायचा. इतकं साधं काम. एका विकरासाठी लाल रंग, दुसऱ्यासाठी पिवळा, आणि युरिया फोडणाऱ्या तिसऱ्यासाठी नाकात जाणारा अमोनिया. माझ्या साड्यांना तो वास असे असं घरचे म्हणत.

पण या कामात फसायलाही होतं. लोधीखेड्याचे एक गृहस्थ बागेतल्या झाडांच्या बुडाशी औषध ओतल्यावर लगेच माती घेऊन आले होते. नळी नेहमीपेक्षा गडद लाल निघाली. खूश होऊन म्हणाले, "म्हणजे औषधानं जमीन ताकदवान होते!" त्यांना समजावता समजावता माझी दुपार गेली. काही जिवाणू ते औषधच खातात, मेलेल्या सोबत्यांनाही खातात, आणि थोडे दिवस जोरात वाढतात. ती मेजवानी असते, ताकद नव्हे. औषध कोणतं, जमीन कोणती, कोणतं विकर मोजलं, आणि मोजायला कधी गेलो, यावर सगळं ठरतं. गृहस्थांना काही ते पटलं नाही. जाताना म्हणाले, "मॅडम, लाल त लाल असते जी."

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले ती सांगते.

आमच्याकडे बोबडे सर म्हणून शास्त्रज्ञ होते. बुटके, हसरे, कायम पायात रबरी चप्पल. त्यांना एक प्रश्न फार दिवस छळत होता. शेणखत-गांडूळखत भरपूर घातलेल्या जमिनीत कीटकनाशक पडलं तर विकरांचं काय होतं? नुसत्या जमिनीपेक्षा ती जमीन औषधाचा मार जास्त सोसते का? पुस्तकात याची उत्तरं होती, पण ती दुसऱ्यांच्या जमिनीची. सरांना आमच्या काळ्या मातीचं, आमच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, उत्तर हवं होतं. म्हणून एक छोटा प्रकल्प मिळाला आणि आम्ही शेतकरी शोधायला निघालो.

वावराचे चार पट्टे पाडायचे. दोघांत खत घालायचं, दोघांत नाही. खताच्या दोन पट्ट्यांपैकी एक फवारायचा, एक नाही. बिनखताच्या दोन पट्ट्यांचंही तसंच. म्हणजे चारांपैकी दोन पट्ट्यांवर, काहीही झालं तरी, औषधाचा थेंब पडू द्यायचा नाही. इथेच गाडं अडत होतं. आपल्या पऱ्हाटीला अळी लागलेली उघड्या डोळ्यांनी पाहत बसायला कोण तयार होईल?

रामाकोन्याची पंचफुलाबाई तयार झाली. ती माझ्याच समाजातली, माझ्याहून थोडी लहान. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. वावर लहानसं, पण तिनं ते एकटीनं सांभाळलं होतं. गावातल्या बायकांना घेऊन ती गांडूळखत करायची, त्यामुळे माझी आधीपासून ओळख. मी तिला पट्ट्यांचं सगळं समजावलं. कमी आलेल्या कापसाची भरपाई प्रकल्प देईल हेही सांगितलं.

ती म्हणाली, "ताई, भरपाईचं मंग पाहू. मले एवढं सांगा, माह्या खतानं औषध झेलते का नाही, हे समजन का यातून?"

"समजेल."

"मंग पाडा पट्टे. मले बी पाहाचं हाय."

पट्ट्यांना बांबूच्या खुंट्या ठोकल्या, खुंट्यांवर पाट्या लावल्या. न फवारायच्या पट्ट्यांवरच्या पाट्या मी स्वतः लाल रंगानं लिहिल्या. गावातले लोक जाता-येता थांबून वाचायचे आणि हसायचे. "पंचफुलाबाईनं अळ्यायसाठी शाळा उघडली," असं कोणीतरी म्हणालं. ते तिनंच मला हसत हसत सांगितलं.

पण एका माणसाला हसू येत नव्हतं. तो म्हणजे तिचा दीर, तुळशीराम.

तुळशीरामभाऊ फवारणीवाले होते. स्वतःची जमीन नाही. पाठीवर पंप घेऊन गावातल्या, शेजारच्या गावातल्या वावरांत फवारायचं, संत्र्याच्या बागा असोत की पऱ्हाटी. उंच, काटक, कमी बोलणारा माणूस. कामात नाव होतं त्यांचं. एक ओळ सुटायची नाही, एक पान कोरडं राहायचं नाही. अशा माणसाच्या सख्ख्या वहिनीच्या वावरात, रस्त्याला लागून, अळ्या पडलेले पट्टे उभे. मी नमुने घ्यायला गेले की ते बांधावर येऊन उभे राहायचे.

"मॅडम, थोडंसंच मारू का? नुसतं वरतून?"

"नाही भाऊ. एक थेंबही नाही."

"अळी त बघा किती झाली."

"तेच पाहायचंय आपल्याला."

ते मान हलवून निघून जायचे. मला वाटायचं, पटलं त्यांना.

पोळा होऊन गेला होता. ऊन असं की पावसाळ्यातच चैत्र आल्यासारखं. पऱ्हाटीला बोंडं धरली होती आणि न फवारलेल्या पट्ट्यांत अळीनं धुमाकूळ घातला होता. त्या दिवशी मी आणि आमचा ड्रायव्हर गणेश नमुने घ्यायला सकाळीच रामाकोन्याला पोचलो. पंचफुलाबाई गावात नव्हती, मुलीच्या बाळंतपणासाठी लोधीखेड्याला गेली होती. ते मला माहीत होतं. वावर ओळखीचं, खुंट्या ओळखीच्या, म्हणून आम्ही सरळ वावरात गेलो.

जीपमधून उतरतानाच वास आला. सडलेल्या लसणासारखा, घशाला लागणारा. हा वास मी नोकरीभर ओळखत आले होते. धावतच खुंट्यांपाशी गेले. खताचा न फवारायचा पट्टा ओलाचिंब होता, पानापानावर थेंब. शेजारचा बिनखताचा न फवारायचा पट्टाही जवळजवळ सगळा झालेला. मला इतका राग आला की काय सांगू. पाट्या काय शोभेला लावल्या होत्या? सगळी मेहनत पाण्यात, पाण्यात कसली, औषधात!

"तुळशीरामभाऊ!" मी ओरडले.

उत्तर आलं नाही. गणेश पुढे गेला आणि त्यानं मला हाक मारली. त्याचा आवाज ऐकून माझा राग तिथल्या तिथे उतरला.

पट्ट्याच्या टोकाला, बांधाला टेकून तुळशीरामभाऊ बसले होते. पंप बाजूला कलंडलेला. सदरा पाठीपासून पोटापर्यंत भिजलेला, घामानं आणि औषधानं. तोंडातून लाळ गळत होती. समोरच उलटी झालेली. मांडीचे स्नायू धोतरातूनसुद्धा दिसत होते, कातडीखाली किडे वळवळावेत तसे थरथरत.

"काही नाही जी," ते कसेबसे म्हणाले, "ऊन लागलं थोडं. पाणी प्याचं... बरं वाटते."

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. भर उन्हात काळ्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. आम्हाला प्रकल्पाच्या सुरुवातीला सुरक्षेचं प्रशिक्षण दिलं होतं, त्यात या बाहुल्यांचं चित्र दाखवलं होतं. तेव्हा मी ते कंटाळत पाहिलं होतं.

"गणेश, हे ऊन नाही," मी म्हटलं.

नमुने घेताना लागतात म्हणून माझ्या पिशवीत रबरी हातमोजे आणि साबण होता. मोजे चढवून मी त्यांचा सदरा फाडूनच काढला. बांधाजवळच्या हौदातलं पाणी बादलीनं ओतत गणेशनं आणि मी त्यांचं अंग, केस, हात साबणानं धुतले. एरवी हा माणूस माझ्यासमोर डोक्याचा रुमालही काढत नसे. ते सारखे म्हणत होते, "ऱ्हाऊ द्या मॅडम, ऱ्हाऊ द्या." औषधाची बाटली बांधावर पडली होती. ती मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेतली. प्रोफेनोफॉस होतं. मातीच्या नमुन्यांची पेटी बर्फासकट तिथेच वावरात टाकून आम्ही सौसरच्या दवाखान्याकडे निघालो.

रस्त्यात त्यांचा श्वास घरघरायला लागला. मी मागे त्यांचं डोकं एका कुशीवर वळवून धरून बसले होते. मध्येच त्यांनी माझा हात पकडला.

"वहिनीले... सांगू नोका."

"काय सांगू नको?"

"म्या पट्टा फवारला म्हून."

मी गणेशला गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण ड्यूटीवर होती. तिनं डोळ्यांवर बॅटरी मारली, छातीला नळी लावली आणि विचारलं, "औषध कोणतं?" मी पिशवीतली बाटली पुढे केली. ती वाचून ती नुसतं "बरं झालं आणली" म्हणाली आणि कामाला लागली. अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं एकामागून एक सुरू झाली. दर थोड्या वेळानं ती छाती ऐकायची, बाहुल्या पाहायची, आणि नर्सला म्हणायची, "अजून द्या." नागपूरला हलवायची गाडी तयार ठेवायला सांगितली होती. मी बाहेरच्या बाकावर ओल्या साडीत बसून राहिले. गणेश चहा घेऊन आला, तो तसाच थंड झाला.

दुपार कलल्यावर डॉक्टरीण बाहेर आली. "छाती कोरडी होतेय," ती म्हणाली. "आता बरं वाटतंय मला."

मी विचारलं, "नेमकं होतं काय या औषधानं?"

तिला वाटलं असेल, नातेवाईक बाई आहे, सोपं करून सांगावं. म्हणाली, "मावशी, आपल्या शरीरात एक एन्झाइम असतं. मेंदूकडून स्नायूला निरोप येतो, 'हल'. स्नायू हलला की तो निरोप पुसून टाकायचा असतो. पुसायचं काम त्या एन्झाइमचं. हे औषध त्यालाच जखडून टाकतं. निरोप पुसलाच जात नाही. म्हणून स्नायू थरथरत राहतात, लाळ, घाम थांबत नाही. आम्ही इंजेक्शन देऊन धीर धरायचा. जखडलेली एन्झाइम सगळी काही सुटत नाहीत. शरीर नवीन तयार करतं, पण त्याला आठवडेच्या आठवडे लागतात."

सारी नोकरी मी विकरं मोजण्यात घालवली होती. शेणाच्या मातीतली, मुरमाड मातीतली, संत्र्याच्या मुळाशी असलेली. पंप पाठीवर घेतलेल्या माणसाच्या अंगातही एक विकर असतं आणि औषध तेच धरतं, हे मी कुठेतरी वाचलेलं असणारच. पण ते मला समजलं त्या बाकावर. जमिनीत अगदी तसंच घडतं असं नाही. तिथे औषध बहुतेक वेळा विकर तयार करणाऱ्या जीवांनाच मारतं किंवा दमवतं. पण बुडालेलं काम पुन्हा उभं राहायला वेळ लागतो, ते दोन्हीकडे सारखंच.

संध्याकाळी पंचफुलाबाई लोधीखेड्याहून आली. मी काहीही सांगायच्या आत तिनं विचारलं, "पट्टा फवारला न भाऊजीनं?" गावातून बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. आत जाऊन ती खाटेशी उभी राहिली. तुळशीरामभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"कोनं सांगतलं होतं तुमाले?" तिचा आवाज चढला होता. "मी वावर दिलं होतं न मॅडमले? माहा शब्द होता थो!"

ते भिंतीकडे पाहतच म्हणाले, "मले पाहवलं नाही वहिनी. गावाच्या साऱ्या वावरायनं माहा पंप फिरते. अन् घरच्या पऱ्हाटीले अळ्या खाऊन राहिल्या. लोक मले हासून राहिले होते. तू बाहेरगावी होती, म्हनलं, येशीन तवा पऱ्हाटी चांगली दिसन."

पंचफुलाबाई खाटेच्या कडेला बसली. तिनं पदराच्या टोकानं त्यांचं तोंड पुसलं आणि मग स्वतःचं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ताई, तुमचा परयोग बिघडला न? आता बंद करसान?"

बोबडे सरांना मी फोन केला होता, पण औषध पट्ट्यांवर पडलंय हे सांगायचं राहून गेलं होतं. खरं तर धीर झाला नव्हता. चार पट्ट्यांची तुलना आता होऊच शकत नव्हती. न फवारलेला पट्टाच उरला नव्हता.

सर दुसऱ्या दिवशी सकाळी पांढुर्ण्याहून आले ते थेट दवाखान्यात. रबरी चप्पल बाहेर काढून खाटेजवळ गेले, तुळशीरामभाऊंची विचारपूस केली, डॉक्टरीणबाईंशी बोलले. पट्ट्यांचं काय झालं हे विचारलंही नाही. तुळशीरामभाऊंनीच हात जोडले. "साहेब, माह्यानं चूक झाली. तुमचं नुकसान झालं."

सर म्हणाले, "भाऊ, आधी जेवायला लागा. नुकसान मी पाहतो."

बाहेर आल्यावर मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता म्हणतील, गुंडाळा. पण त्यांनी विचारलं, "मेश्रामबाई, त्या दोन पट्ट्यांचे मागच्या खेपेचे आकडे आपल्याकडे आहेत ना?"

"आहेत. पेरणीपासूनचे आहेत."

"म्हणजे औषध पडण्याआधी ती माती कशी होती ते आपल्याला माहीत आहे. एक खताची, एक बिनखताची. दोघींवर एकाच सकाळी, एकाच हातानं, एकच औषध पडलंय. आणि तुळशीरामभाऊंच्या हातनं म्हणजे एकसारखंच पडलं असणार." ते थोडं हसले. "जो प्रश्न विचारत होतो तो गेला. आता दुसरा विचारू. कोणती माती किती पडते आणि किती लवकर उठते."

त्याच दिवशी आम्ही वावरात गेलो. नमुन्यांची पेटी जिथे टाकली होती तिथेच होती, बर्फाचं पाणी झालेलं. मी त्या दोन पट्ट्यांची माती घेतली. प्रकल्पाला पैसा देणाऱ्यांना सरांनी घडलं तसं कळवलं, काही लपवलं नाही. थोडी खरडपट्टी निघाली, पण काम चालू राहिलं. पट्टे बंद होणार नाहीत हे मी त्याच संध्याकाळी पंचफुलाबाईला सांगितलं तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. आदल्या दिवशी इतकं घडूनही ती रडली नव्हती.

तुळशीरामभाऊ घरी आले, पण अंगात काही राहिलं नव्हतं. जिना चढले तरी पाय लटपटायचे. डॉक्टरीणबाईंनी फवारणीला सक्त मनाई केली होती. घरात बसून कंटाळलेला तो माणूस आम्ही वावरात आलो की बांधावर येऊन बसायचा. पुढे मी माती घेताना ते पिशवी धरायला लागले. सरांनी त्यांना नमुने घेण्याच्या कामावर रोजानं लावून घेतलं.

एकदा रक्त तपासायला आले असताना मी त्यांना आणि पंचफुलाबाईला पांढुर्ण्याला प्रयोगशाळेत नेलं. माझ्या टेबलावर त्यांच्याच वावरातल्या नळ्या रांगेत लावून दाखवल्या. औषध पडायच्या आधीच्या मातीचा रंग कसा होता, पडल्यावर कसा फिकट झाला. खताच्या पट्ट्याचा रंग हळूहळू परत भरत चालला होता. बिनखताचा अजून फिक्या गुलाबीवरच अडकला होता.

तुळशीरामभाऊ पाठीमागे हात बांधून कितीतरी वेळ पाहत होते. मग म्हणाले, "डाक्टरीन म्हनते, माह्या रगतातलं थे एन्जाइम बी वाढून राहिलं."

"हो. मी पाहिला ना अहवाल."

"मंग म्या कोन्त्या पट्ट्यातला?"

उत्तर पंचफुलाबाईनंच दिलं. "रोज दूध-भाकर, भाजी, अंडं खाऊ घालून राहिली न मी? मंग बिनखताचे कसे असान?"

माझ्या टेबलापाशी एरवी कोणी मोठ्यानं हसत नसे. त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो, तेव्हा शेजारच्या खोलीतून सर डोकावून पाहून गेले.

वेचणीपर्यंत खताच्या पट्ट्यातली विकरं जवळजवळ जुन्या ठिकाणी आली. बिनखताच्या पट्ट्यातली आली नाहीत, त्यातही युरिया फोडणारं विकर तर फारच मागे राहिलं. एका वावरावरून सगळ्या जगाचं सांगता येत नाही, आणि सरांनी तसं लिहिलंही स्वच्छ. खत घातलं म्हणजे कितीही औषध मारायला मोकळीक, असा अर्थ कोणी काढू नये असंही लिहिलं. आभाराच्या ओळींत त्यांनी पंचफुलाबाईच्या खालोखाल तुळशीरामभाऊंचं नाव घातलं. मी ते वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "माहं नाव कायले? म्या त बिघडवलं." सर म्हणाले, "तुम्ही नसता तर हा पेपरच नसता." यात थट्टा किती आणि खरं किती, ते मला आजही सांगता येणार नाही.

मला एक रुखरुख मात्र राहिली. त्यानंतर सरांनी एक नवा प्रस्ताव पाठवला होता. मातीबरोबर त्याच गावातल्या फवारणी करणाऱ्यांचं रक्तही हंगामाच्या आधी आणि नंतर तपासावं, असा. तो परत आला. हा मातीचा विषय नाही, असा शेरा होता. सर निवृत्त झाले, मग मीही झाले. कोपऱ्यातल्या त्या टेबलावर आता दुसरं यंत्र आहे म्हणतात. पण या नोकरीनं मला उपाशी ठेवलं नाही, एका गरीब घरातल्या मुलीला 'मॅडम' केलं, आणि अशी माणसं दिली. त्या डॉक्टरीणबाई, गणेश, बोबडे सर, पंचफुलाबाई. त्यांची आठवण आली की हात आपोआप जोडले जातात.

तुळशीरामभाऊ फवारणी सोडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ती सोडली नाही. घर चालवायचं तर हातात तेच काम होतं. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर त्यांनी पंप परत घेतला. ते ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा पंचफुलाबाईच्या नातीच्या वाढदिवसाला रामाकोन्याला गेले होते. बसमधून उतरून गावाकडे चालत होते, तेव्हा एका संत्र्याच्या बागेतून एक माणूस रस्त्याकडे येताना दिसला. पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, पायात गमबूट, हातात मोजे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. पाठीवर पंप. मी ओळखलंच नाही. त्यानंच मला ओळखलं.

मी आनंदानं पुढे झाले, तसा त्यानं मोजा घातलेला हात वर केला.

"तिथंच थांबा मॅडम. जवळ येऊ नोका."

मी थांबले. तुळशीरामभाऊ बागेच्या हौदाकडे गेले. पंप बाजूला ठेवला. मोजे घातलेल्या हातांनीच आधी मोजे धुतले, मग काढले. सदरा काढून वेगळ्या पिशवीत टाकला. साबण लावून हात, तोंड, मान, पाय सावकाश घासून धुतले, घाई म्हणून नाही. झाडाच्या फांदीवर टांगलेल्या पिशवीतून धुतलेला सदरा काढून घातला, बटणं लावली, ओल्या केसांवरून हात फिरवला.

मग रस्त्यावर माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"जय भीम, मॅडम," ते म्हणाले. "आता बोला."